सलगमाचा दिवा

१२ सप्टेंबर १९३७, रविवार

वाफ्यातलं सगळ्यांत मोठं सलगम आज मी दगडाची खूण करून राखून ठेवलं. ते खायचं नाही. ते फेस्टीचं.

फेस्टी माझा मुलगा. मार्चमध्ये बुडाला. त्याचं शरीर मिळालं नाही. कोलमन, माझा नवरा, त्याच्या कितीतरी आधी छातीच्या दुखण्यानं गेला. तो चर्चच्या मागे वाळूत पुरलेला आहे, त्याला घरची वाट ठाऊक आहे. दरवर्षी ऑक्टोबर संपतो त्या रात्री, साउनच्या रात्री, मी त्याचं स्टूल चुलीकडे तोंड करून ठेवते, राख सारखी करते, दाराला कडी न घालता झोपायला जाते. सकाळी राखेत पावलाची खूण असते किंवा नसते. मी फार निरखून बघत नाही. तो येऊन गेला असं धरून चालते.

पण जो समुद्रात राहिला त्याला कुठली वाट? माझी आई सांगायची, पाण्यातल्या माणसाला दिशा नसते. त्याला उजेड दाखवावा लागतो, आणि तो त्याच्याच घरच्या मातीत वाढलेल्या, आतून कोरलेल्या सलगमातून यावा लागतो. तोही पहिल्याच साउनला. ती एक रात्र चुकली की तो वाट शोधायचं सोडतो. मग त्याला मासे तेवढे ओळखू येतात, माणसं नाही.

बी त्यानंच आणलं होतं. जायच्या आदल्या आठवड्यात नव्हे, त्याच्याही आधी त्यानं वाफा खणून ठेवला होता, बी कपाटावर पुडीत होतं. पेरलं मी. तरी त्याचंच म्हणायचं.

१९ सप्टेंबर

सकाळी खालचं अर्धं दार उघडलं तर उंबऱ्यावर दोन मासे. गवताची काडी ओवून, गाठ मारून ठेवलेले. ताजे, डोळे अजून स्वच्छ.

ही पहिली वेळ नाही. मे महिन्यापासून चाललंय. कधी मासे, कधी खेकडा, एकदा वाऱ्यानं उडालेलं छपराचं गवत कुणीतरी पुन्हा दाबून दोरीनं बांधून ठेवलं होतं, मी शेजारच्या गावी अंत्ययात्रेला गेले होते तेव्हा. विचारलं तर कुणी हो म्हणत नाही.

फेस्टी मासे असेच ओवायचा. आता सगळेच कोळी असे ओवतात हे मला माहीत आहे. मी खुळी नाही. पण आपला माणूस बाहेर असतो तेव्हा तो काहीतरी पाठवतो. आणि इकडे मला पाठवणारं दुसरं कोण उरलंय?

एक उकडला, एक मिठात घातला.

२६ सप्टेंबर

शाळेच्या बाई आल्या होत्या. मिस डेवान. गावात नव्या आहेत, सायकलवरून फिरतात, आणि म्हाताऱ्या माणसांना जुन्या चालीरीती विचारतात. डब्लिनला कुणी हे सगळं जमा करतंय म्हणे. तरुण आहे, पण चहा सांडला तर आपणच पुसते, म्हणून मला आवडली.

माझी पुस्तकं पाहून म्हणाल्या, "शाळेत किती शिकलात?"

मी म्हटलं, "शाळेत मी शेण उचललं. मास्तरांच्या गाईचं." मग सांगितलं की साखर ज्या कागदात बांधून यायची तो कागद कोलमन चुलीत घालायच्या आत मी ओढून घ्यायचे. कधी जहाजांची वेळापत्रकं, कधी खटल्याच्या बातम्या. त्यातून अक्षरं लागली. अर्ध्या बातम्यांचा शेवट मला अजून माहीत नाही.

बाई खूप हसल्या. मग साउनचं विचारलं. मी सांगितलं: कोबी घालून कुस्करलेले बटाटे, मधोमध लोणी, मनुकांचा पाव, दारावर काटक्यांचा क्रॉस, पाय धुतलेलं पाणी रात्री घरात ठेवायचं नाही, आणि बाहेर फेकताना आधी "बाजूला व्हा!" म्हणून ओरडायचं, नाहीतर अंगणातून जाणारा आपलाच माणूस भिजतो. आणि पेंढेवाले. तोंडावरून कमरेपर्यंत पेंढ्याची टोपी घालून घरोघर फिरतात, बोलत नाहीत, बोललेच तर श्वास आत ओढत बोलतात म्हणजे आवाज ओळखू येत नाही.

बाईंनी मग त्यांच्या पुस्तकातलं सांगितलं. देव इथं यायच्या आधीच्या लोकांचं वर्ष साउनला संपायचं. गुरं डोंगरावरून खाली यायची, उन्हाळा बंद व्हायचा. जुनं वर्ष गेलेलं, नवं आलेलं नाही, त्या फटीतून मेलेले ये-जा करायचे. इथून अमेरिकेत गेलेली माणसं ही चाल बरोबर घेऊन गेली. तिकडे सलगमाऐवजी मोठा भोपळा कोरतात, त्याला हॅलोवीन म्हणतात, आणि पोरं मिठाई मागत हिंडतात.

"आणि तोंड झाकणं कशासाठी?" मी विचारलं.

"त्या रात्री मेलेले जिवंतांत मिसळतात ना. सगळ्यांनीच तोंड झाकलं की कोण कुठला ते कळत नाही. कुणाला लाजायला नको, कुणाला घाबरायला नको."

"मग आपण कुणाशी बोलतोय ते कसं कळायचं?"

"नाहीच कळायचं," बाई म्हणाल्या. "त्यासाठीच तर."

जाताना मी त्यांना म्हटलं, "बाई, कुठून आलं ते तुम्ही छान सांगितलंत. पण ते लागू पडतं का, ते सांगा."

त्यांनी सायकलची घंटी उगाच पुसली. म्हणाल्या, "ते पुस्तकात नसतं."

३ ऑक्टोबर

प्रार्थनेला गेले. टाइग नेहमीसारखा दारापाशी उभा, आत आला नाही. डाव्या हातानं टोपी काढली. उजवा खिशात.

टाइग सोरखाचा मुलगा. ओढ्यापलीकडचं घर. फेस्टी आणि तो एकाच होडीत असायचे, डांबर लावलेल्या कापडाच्या त्या हलक्या होडीत. मार्चमध्ये ती उलटली तेव्हा दोघंही पाण्यात होते. टाइग होडीवर चढला. फेस्टीला त्यानं दोरानं धरून ठेवलं होतं म्हणे. मग सोडलं. टाइग घरी आला.

दोरानं हात फाटला, दोन बोटं गेली असं लोक सांगतात. मी पाहिलेलं नाही, मला पाहायचं नाही. फेस्टीची दहाही बोटं गेली.

त्याच्या दोन वर्षं आधी हाच टाइग धक्क्यावरून घसरून पाण्यात पडला होता, आणि फेस्टीनं उडी घालून त्याला बाहेर काढलं होतं. तेव्हा धक्क्यावरचे म्हातारे गप्प झाले होते. समुद्राच्या तोंडचा घास काढला की समुद्र तो काढणाऱ्याकडून वसूल करतो, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कित्येक जण बुडणाऱ्याकडे पाठ करतात ते दगडाच्या काळजाचे म्हणून नाही. घरी त्यांचीही पोरं असतात.

टाइगला हे माहीत होतं. म्हणून मला वाटतं, दोर हातातून सुटला नाही, त्यानं सोडला. समुद्र कुणाला मागतोय ते त्याला कळत होतं.

बाहेर जो नावाचा दुकानवाला टाइगला म्हणाला, "काय रे मुक्या, आज तरी बोलशील का? निदान पाऊस आहे एवढं तरी म्हण!" लोक हसले. टाइग खाली बघत राहिला. मार्चपासून तो बोलत नाही, कामापुरतंही मान हलवतो.

माझ्याकडे त्यानं एकदा बघितलं. मी शाल ओढून घेतली.

९ ऑक्टोबर

चार दिवस पाऊस. आज उघडला तेव्हा पाहिलं, भिंतीशी जळणाच्या, दलदलीतून कापून वाळवलेल्या ढेपांचा ढीग माझ्या हिशेबापेक्षा मोठा आहे. मी रचलेल्या ढेपा तिरक्या असतात, माझा खांदा दुखतो. वरचे तीन थर सरळ आहेत.

फेस्टी, तू जवळपास आहेस. थोडं थांब.

१७ ऑक्टोबर

फादर आले. बाई कुठंतरी काहीतरी बोलल्या असणार, किंवा जोच्या दुकानात माझ्याच तोंडून मेणबत्तीचं निघालं असेल.

"ऊना, तू फेस्टीची वाट बघतेस असं कानावर आलं."

"आई वाट बघणारच, फादर."

"मेलेल्यांसाठी प्रार्थना कर. नोव्हेंबर सगळा त्यासाठीच आहे. पण त्याचा आत्मा देवाच्या हातात आहे, तुझ्या स्टुलावर नाही."

मी म्हटलं, "देवाचे हात मोठे आहेत. एका रात्रीपुरता सोडेल."

ते रागावले नाहीत. चुलीत बघत बसले. मग म्हणाले, "आणि नाही आला तर? तू काय करशील, ऊना?"

चहा गार झाला तरी त्यांनी संपवला. गेल्यावर मी बराच वेळ उभीच होते. नाही आला तर. हे मी कागदावर लिहिलं म्हणजे झालं. पुन्हा लिहिणार नाही.

२४ ऑक्टोबर

सलगम उपटलं. मुळं कापली, वरचा टोप कापला, चमच्यानं आतलं खरवडलं. भोपळा कसा असतो मला माहीत नाही, पण तो याच्याइतका हट्टी नसणार. दगड कोरल्यासारखं आहे. बोटांना फोड आले. डोळे केले, तोंड केलं. दात केले नाहीत. इतर घरं भुताखेतांना पळवून लावायला कोरतात, म्हणून भयंकर तोंडं करतात. मला कुणाला पळवायचं नाही. सगळ्या गावात माझंच सलगम असं असेल की ज्याचं तोंड बोलावतंय.

मेणबत्ती लावून पाहिलं. भाजलेल्या सलगमाचा गोडूस वास सुटला. लहानपणी फेस्टी हा वास आला की टाळ्या वाजवायचा.

तेवढ्यात खालच्या दारापाशी सोरखा. ओढा ओलांडून ती मार्चनंतर आज पहिल्यांदा आली. आधी आम्ही दोघी रोज संध्याकाळी एकत्र विणायला बसायचो, तिची निळी लोकर आणि माझी करडी यांचा गुंता व्हायचा.

"आत बोलावू नकोस," ती म्हणाली. "एवढंच सांगायला आले. तो झोपत नाही, ऊना. रात्रभर होड्यांपाशी बसतो."

मी खरवडत राहिले.

"त्याला एकदा काहीतरी बोल. चांगलं बोल असं मी म्हणत नाही. शिवी दे. तोंडावर थुंक. पण काहीतरी बोल गं. तू बोलल्याशिवाय तो बोलणार नाही."

"माझ्या घरात कुणासाठी शब्द शिल्लक नाही, सोरखा."

"माझ्यासाठीही?"

"तुझा घरी आला," मी म्हटलं.

ती म्हणाली, "कुठं आला?" आणि गेली.

तिचं म्हणणं मला नीटसं कळलं नाही. आला तर आहे. दररोज दिसतो.

३१ ऑक्टोबर, रविवार

सगळं झालं. पाव भाजला. त्यात अंगठी घातली नाही; ज्याच्या तुकड्यात ती निघते त्याचं लग्न ठरतं म्हणतात, इथं लग्न कुणाचं निघायचंय. बटाटे कुस्करले. राख सारखी केली. दोन स्टुलं चुलीकडे वळवली, कोलमनचं आणि फेस्टीचं. समुद्राकडच्या खिडकीत सलगम. वारा पश्चिमेचा, पाऊस बारीक. उजेड पाण्यावरून दिसेल असं वाटतं. दुपारी किनाऱ्यावर जाऊन मागे वळून पाहिलं, खिडकी दिसते.

देवा, मला दुसरं काही नको.

१ नोव्हेंबर, सोमवार, सकाळ

तो आला.

क्रमानं लिहिते, नाहीतर विसरेन.

अंधार पडल्यावर पेंढेवाल्यांची टोळी आली. तिघं. श्वास आत ओढत "म्हातारे, ओळख बघू!" करत चुलीभोवती नाचले. दुकानवाल्या जोची पोरं, बुटांवरून ओळखली. पावाचा तुकडा घेऊन गेली. जाताना एक जण खिडकीकडे बघून म्हणाला, "तुझ्या सलगमाला दात नाहीत, म्हातारे. तुझ्याच तोंडासारखं कोरलंस की काय?" दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं.

मग मी पाय धुतले. पाणी बाहेर टाकायच्या आधी दारातून ओरडले, "बाजूला व्हा!" आणि अंधारात भिंतीशी कुणीतरी बाजूला झालं. स्वच्छ दिसलं. मी पाणी दुसरीकडे टाकलं, दार लोटलं, कडी न घालता चुलीपाशी येऊन बसले.

बराच वेळ काही नाही. मग दार उघडलं.

पेंढ्याची टोपी कमरेपर्यंत. एकटा. पेंढ्यातून पाणी ठिबकत होतं, उभा राहिला तिथं जमिनीवर थारोळं झालं. नाचला नाही. श्वास आत ओढला नाही. त्यानं घरभर पाहिलं, खिडकीतल्या दिव्याकडे पाहिलं, मग त्या स्टुलाकडे. मी म्हटलं, "बैस. तुझंच आहे." तो बसला. कोलमनच्या नाही, फेस्टीच्याच स्टुलावर.

मी ओळख विचारली नाही. ओळख विचारली की ते जातात.

पाव दिला, दूध दिलं. डाव्या हातानं घेतलं, उजवा पेंढ्याच्या आत होता. फेस्टी उजव्या हाताचा. पण आई म्हणायची, तिकडे गेलेल्यांचं सगळं उलटं होतं, पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखं. तेव्हा मला पक्कंच झालं. घास घेताना तो इतका थरथरत होता की पेंढा वाजत होता. मी ढेपा घातल्या, आणखी घातल्या. ऊब लागेना त्याला.

मग मी बोलले. सात-आठ महिन्यांचं साठलेलं. गाय व्याली ते सांगितलं. वाफा त्यानंच खणलेला ते सांगितलं. तू पाठवलेले मासे मिळतात, म्हटलं, छपराचं गवत मिळालं, ढेपा मिळाल्या. त्यानं मान खाली घातली. मी म्हटलं, "दुखलं का रे फार?" त्यानं मान हलवली. नाही म्हणाला की हो, ते पेंढ्यात कळलं नाही.

मग मी विचारलं, "त्यानं दोर सोडला ना?"

दिव्याची वात तडतडली. आणि मग त्यानं मान हलवली. हो. या वेळी अगदी स्पष्ट.

मला ते माहीतच होतं. पण माहीत असणं आणि त्याच्याकडून कळणं वेगळं. मी उठले नाही, ओरडले नाही. केस मोकळे सोडले, चुलीसमोर गुडघ्यांवर बसले आणि विधवेचा शाप दिला. आई म्हणायची, तो शाप आयुष्यात एकदाच वापरावा आणि शक्यतो एकदाही नाही. मी म्हटलं: ज्या हातानं माझ्या लेकराला सोडलं त्या हाताला कोरडी जमीन धरवू नये. समुद्राचा राहिलेला वाटा समुद्राला पोचो. आणि त्याच्या आईच्या खिडकीतही माझ्यासारखा दिवा लागो.

तो शेवटपर्यंत ऐकत होता. थरथर थांबली होती. मला वाटलं, आता त्याला ऊब लागली.

मग तो उठला. स्टूल जागच्या जागी सरकवलं. माझ्या मोकळ्या केसांवर डावा हात ठेवला, क्षणभर, जड आणि ओला. बाहेर पडताना खालचं अर्धं दार आधी थोडं उचलून मग लोटलं. ते असं उचलल्याशिवाय लागत नाही, हे या घरात वावरलेल्यालाच माहीत.

तरी लोक विचारत बसतात, ही साउनची चाल कुठून आली.

४ नोव्हेंबर

टाइग नाही. साउनच्या रात्रीपासून कुणी पाहिलेला नाही. त्याची होडी आज पलीकडच्या वाळूत सापडली. उलटली नव्हती. सरळ, कोरडी, वल्ही आत नीट आडवी ठेवलेली. दुकानवाला म्हणाला, "वादळ नव्हतं, लाट नव्हती. बुडायला काही कारण तर पाहिजे!"

शापाबद्दल मी कुणाला काही बोलले नाही.

फेस्टीनं ऐकलं आणि लगेच केलं. त्याच रात्री. मला वाटलं होतं की मला बरं वाटेल. तो नाहीसा झाल्याचं कळल्यापासून दोन दिवस थांबून पाहिलं. तसं काही वाटत नाही. चूल पेटलेली आहे आणि ऊब लागत नाही, तसं आहे.

७ नोव्हेंबर

बाई विचारायला आल्या, साउन कसं गेलं. मी म्हटलं, लागू पडतं. त्यांनी लिहून घ्यायला पेन काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवलं.

सोरखाच्या छपरातून धूर निघत नाही. बाई रोज तिच्याकडे सूप घेऊन जातात. मी जात नाही. काय तोंडानं जाऊ?

१२ नोव्हेंबर

सोरखा आली. पदरासारख्या धरलेल्या एप्रनमध्ये सलगम. तिच्या वाफ्यातलं.

"साउन गेलं हे मला कळतं," ती म्हणाली. "पण नोव्हेंबर सगळा मेलेल्यांचा असतो असं फादर म्हणतात. तुझा दिवा लांबून दिसला होता, ऊना. मला तसा कोरून दाखव. माझ्या हातून डोळे फाटतात."

मी तिला आत घेतलं. कोलमनच्या स्टुलावर बसवलं. माझे शब्द माझ्यासमोर एप्रन बांधून बसले होते. मला ते परत घेता आले असते तर घेतले असते. हे मी लिहून ठेवते, कुणी वाचणार नसलं तरी.

कोरता कोरता मला वाटलं, निदान हिला धीर द्यावा. म्हणून सांगितलं की माझा आला. तुझाही येईल.

तिनं वर पाहिलं. "कसा आला?"

"पेंढ्यात. एकटा. या स्टुलावर बसला, पाव खाल्ला."

"बोलला?"

"नाही."

तिच्या हातातली सुरी थांबली. "कुठल्या हातानं खाल्लं?"

"डाव्या. तिकडे सगळं उलटं होतं ना."

"आणि उजवा?"

"पेंढ्याच्या आत होता. दिसलाच नाही."

सोरखानं सुरी खाली ठेवली. मला वाटलं, मी उगाच सांगितलं, हिची जखम ओली आहे. मग ती अगदी हळू म्हणाली, "तू बोललीस त्याच्याशी?"

"बोलले."

"सगळं?"

"सगळं."

"आणि त्यानं ऐकून घेतलं."

"शेवटपर्यंत. जाताना डोक्यावर हात ठेवला माझ्या."

तिनं माझ्या डोक्याकडे पाहिलं, जणू तिथं अजून काही ठेवलेलं असावं. तिनं हातही पुढं केला आणि मागं घेतला. मग सलगम तसंच अर्धं टाकून उठली. एकच डोळा झाला होता.

"अगं, तुझा दिवा," मी म्हटलं.

"नको आता. त्याला वाट ठाऊक होती."

दारात ती थांबली. मी विचारलं, "सोरखा, काय झालं? माझ्या बोलण्यानं दुखलं का तुला?"

तिची पाठ माझ्याकडे होती. म्हणाली, "तुझा फेस्टीच आला होता, ऊना. दुसरा कोण असणार? तू तसंच धर."

आणि दार उचलून लोटून गेली. तीही इथं वावरलेलीच.

२८ नोव्हेंबर

उंबऱ्यावर काही नाही. साउननंतर एकदाही नाही. रोज सकाळी दार उघडून बघते, नको म्हटलं तरी नजर खाली जाते. ढेपांचा ढीग उतरत चाललाय, वरचे सरळ थर संपले, आता माझे तिरके लागलेत. छपराची दोरी पुन्हा सुटली आहे.

मी असं समजते की फेस्टी येऊन गेला, निवांत झाला. ज्याला चैन पडलं तो मासे कशाला पाठवेल? आज ओहोटीला खडकांवरचे शिंपले खरवडून आणले. आई म्हणायची, ज्या घराला कुणी नाही ते घर शिंपले खातं.

सोरखाचं एकाच डोळ्याचं सलगम खिडकीत ठेवलं होतं, ते आतून मऊ पडलं, आज बाहेर टाकलं. तिच्या घरात माणूस आहे पण रात्री दिवा नसतो. प्रार्थनेला ती दारापाशी उभी राहते, टाइग राहायचा तिथं. मी जवळ गेले तर सरकते. रागानं नाही. आपल्या अंगाला काहीतरी लागलेलं आहे आणि ते दुसऱ्याला लागू नये, तशी सरकते.

रात्री झोप येत नाही तेव्हा मी तो घास आठवते. फेस्टीला डाव्या हातानं कधी चमचासुद्धा धड धरता आला नाही, लहानपणी उजव्या हाताला भाजलं होतं तेव्हा आठवडाभर मीच भरवलं. त्या रात्री त्यानं डाव्या हातानं पाव खाल्ला, दूध प्यायला, आणि जमिनीवर एक कणही सांडला नाही. किती सवय झाल्यासारखं.

मेल्यावर माणूस किती लवकर शिकतो.